जमाखर्च आणि लेखणी
(हिशेबनिसाच्या लेखी परीक्षेचा पूर्वेतिहास व तिच्या तयारीविषयी चार शब्द)

देण्याघेण्यावाचून संसार नाही आणि जेथे देणेघेणे आले तेथे त्याची नोंद ठेवणाराही आलाच. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी अलीकडे चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेकडे वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ही परीक्षा आली कोठून आणि आकड्यांच्या या विद्येत लेखी उत्तरांना एवढे महत्त्व का, याचा विचार घरोघरी फारसा झालेला दिसत नाही. एखाद्या परीक्षेचा इतिहास कळला म्हणजे तिच्या तयारीचे मर्मही कळते, अशी आमची धारणा आहे. त्याच हेतूने हा अल्प लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

वंशपरंपरेची विद्या

हिशेबाची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. गावोगावचे कुलकर्णी वसुलाचे दप्तर मोडी लिपीत ठेवीत. व्यापाऱ्यांच्या पेढीवर रोजकीर्द व खतावणी चाले आणि लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होई. मात्र ही विद्या शाळेत मिळत नसे. ती बापाजवळ बसून मुलाने शिकावयाची. पेशवाईतील फडणिशी भानू घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि इतिहासप्रसिद्ध नाना फडणीस (१७४२–१८००) त्याच घराण्यात जन्मले. नानांच्या बुद्धीविषयी दुमत नाही. परंतु तितक्याच बुद्धीचा मुलगा ज्या घरात फडणिशी नव्हती तेथे जन्मला असता, तर त्याला त्या दप्तराच्या उंबरठ्याशी कोणी उभे केले असते काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ज्या दुहेरी नोंदीच्या पद्धतीने वह्या लिहीत, ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूने १४९४ साली आपल्या गणितग्रंथात छापून प्रसिद्ध केली. पेढीतले गुपित पुस्तकात आले, हे त्या ग्रंथाचे मोठे कार्य होय. तरीही पुस्तक वाचणाऱ्याला ही विद्या आली की नाही, हे ठरविण्याचे साधन निघावयास आणखी सुमारे चार शतके लागली. ते साधन म्हणजे लेखी परीक्षा.

परीक्षेचा उगम

एकोणिसावे शतक हे लेखी परीक्षेचे शतक म्हणावे लागेल. सरकारी नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षेने द्याव्या, असा अहवाल इंग्लंडात १८५४ साली सादर झाला आणि लगेच १८५५ मध्ये हिंदुस्थानच्या सिव्हिल सर्व्हिसची पहिली स्पर्धा-परीक्षा लंडनला झाली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. रानडे व भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले होत.

हिशेबनिसांची पहिली सनदी संस्थाही याच काळातली. एडिंबरो येथील संस्थेला १८५४ साली राजसनद मिळाली. पुढे १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या संचालकांनी खोटे ताळेबंद प्रसिद्ध केल्याचे न्यायालयात शाबीत झाले. भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्यामुळे शेकडो कुटुंबे धुळीस मिळाली. ताळेबंदावर सही करणारा मनुष्य ज्ञानी व स्वतंत्र असला पाहिजे, हा धडा समाजाला असा महाग पडला. १८८० साली इंग्लंड व वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था सनद घेऊन उभी राहिली व तिने १८८२ पासून परीक्षा घेण्यास आरंभ केला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली कायदा करून त्याच वर्षी पहिली परीक्षा घेतली.

तथापि परीक्षेने दार उघडले तरी त्याला एक दुसरा अडसर राहिलाच. उमेदवारी करावयास येणाऱ्या मुलाच्या बापाकडून इंग्लंडात गुरूला मोठी रक्कम द्यावी लागे. तिला प्रिमियम म्हणत. गरिबाच्या मुलाला अभ्यास साधला तरी ती रक्कम साधत नसे. आज आपल्याकडे उलट उमेदवारालाच दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. हा पालट लहान नव्हे.

मुंबईतील वाटचाल

मुंबईलाही आपले ग्लासगो पाहावे लागले होते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरांच्या सट्ट्यात चढलेली मुंबई एका हंगामात खाली आली. १९१३ साली इंडियन स्पेशी बँक बुडाली. त्याच वर्षी झालेल्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता प्रथमच ठरवून दिली आणि त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. पुढे १९१८ साली मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ म्हणजे जी. डी. ए. हा अभ्यासक्रम सुरू झाला. ही पदविका मिळवून मान्यताप्राप्त हिशेबतज्ज्ञाकडे तीन वर्षे उमेदवारी केली म्हणजे लेखापरीक्षणाचा पूर्ण परवाना मिळे. १९३२ च्या नियमांनी हा कारभार मध्यवर्ती सरकारकडे गेला व ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ हे नाव रूढ झाले.

या पदविकेने काय केले, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. मद्रासच्या आर. शिवभोगम् या स्वातंत्र्याच्या चळवळीत कारावास सोसलेल्या बाईंनी १९३३ साली ती परीक्षा दिली व त्या उत्तीर्ण झाल्या. आपल्या देशातील पहिली स्त्री लेखापरीक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळी कोणत्या पेढीने आपण होऊन एका स्त्रीला गादीवर बसविले असते? उत्तरपत्रिका मात्र स्त्री-पुरुष ओळखत नाही.

स्वातंत्र्यानंतर चार्टर्ड अकाउंटंट्‌स कायदा झाला, १ जुलै १९४९ रोजी आजची संस्था स्थापन झाली आणि मुंबईचे जी. पी. कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष झाले.

शब्दांचे वजन

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हिशेबनिसाचे काम आकड्यांचे, मग परीक्षेत एवढे लिहावयाचे कशाला, असे अनेक पालक विचारतात. उत्तर सोपे आहे. लेखापरीक्षक वर्षभराच्या वह्या तपासतो आणि शेवटी एक अहवाल लिहितो. त्याच्या श्रमांचे फळ म्हणजे ती चार वाक्ये. १९१३ च्या कायद्यात ताळेबंद ‘खरा व अचूक’ आहे असे त्याने सांगावे अशी अपेक्षा होती; १९५६ च्या कायद्यात ती ‘खरा व न्याय्य’ अशी झाली. एक शब्द बदलला, पण त्या शब्दाने लेखापरीक्षकाचे कर्तव्य बदलले. बेरीज जुळली एवढ्याने आता भागत नाही. त्या बेरजेतून वाचणाऱ्याला यथार्थ चित्र दिसते की नाही, हेही त्याला पाहावे लागते.

अमेरिकेतील सी. पी. ए. परीक्षेतही २०२३ अखेरपर्यंत एका भागात उमेदवाराला पत्र किंवा टिपण लिहून दाखवावे लागे आणि त्यातील मांडणी, विवेचन व भाषा यांस गुण असत. २०२४ पासून तो भाग राहिला नाही. आपल्याकडे मात्र त्याच वर्षापासून परीक्षांना लागू झालेल्या नव्या योजनेतही इंटरमीजिएट व फायनलच्या बहुतेक विषयांत १०० पैकी ७० गुण वर्णनात्मक उत्तरांचेच आहेत. तेव्हा लेखणीवाचून आपल्या मुलांची सुटका नाही.

तयारी कशी करावी

आम्ही आयुष्यभर शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या. हिशेबशास्त्रातील आमचा अधिकार अल्प असला, तरी उत्तर कसे लिहावे याविषयी दोन शब्द सांगण्याचा अधिकार वाचक मान्य करतील असे वाटते.

पहिली गोष्ट गुणांची. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात ४० व गटाच्या एकूण गुणांत निम्मे गुण लागतात. एखाद्याला हिशेबात ७५, करविषयात ७० आणि कायद्यात ३८ गुण पडले, तर ३०० पैकी १८३ मिळवूनही तो गट नापास! आपली मुले अडतात ती बहुधा येथेच. गणिते सोडविण्यात रात्री जातात आणि कायदा व लेखापरीक्षण हे विषय केवळ वाचले जातात. वाचलेले आले असे वाटते. लिहावयास बसल्यावर हात थांबतो.

म्हणून रोज निदान एक उत्तर पूर्ण लिहावे. कायद्याच्या उत्तराला तीन पायऱ्या असाव्या : कायदा काय सांगतो, प्रश्नातील हकीकत त्याला कशी लागू पडते आणि निष्कर्ष काय. केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिणाऱ्याचा निष्कर्ष बरोबर असला तरी त्याची पोतडी अर्धी रिकामीच राहते. गणिताच्या उत्तराखाली आकडा कसा आला ती कच्ची आकडेमोड स्वच्छ दाखवावी. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तरी केलेले श्रम परीक्षकाला दिसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. १८० मिनिटांत १०० गुण म्हणजे एका गुणाला दोन मिनिटेही पुरती येत नाहीत. ५ गुणांच्या प्रश्नाला ९ मिनिटे, १४ गुणांच्या प्रश्नाला २५ मिनिटे, हे माप घरी घड्याळ लावूनच अंगवळणी पडते. संस्था मागील परीक्षांची नमुना उत्तरे व सरावपत्रिका प्रसिद्ध करते. त्या पाहून लिहू नयेत. लिहून मग त्यांच्याशी ताडून पाहाव्या.

तिसरी गोष्ट अक्षराची. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. आरंभापासून अखेरपर्यंत अक्षर एकसारखे असावे, असा त्यातील उपदेश तिसऱ्या तासाला थकलेल्या परीक्षार्थ्यालाही तंतोतंत लागू पडतो.

चौथी गोष्ट भाषेची. ही उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावी लागतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी त्यामुळे खचून जाऊ नये. विषय आधी मराठीत समजून घ्यावा आणि मग लहान, सरळ इंग्रजी वाक्ये लिहावी. येथे घरच्या मंडळींनाही एक काम आहे. मुलाने लिहिलेले उत्तर त्याला मराठीत समजावून सांगण्यास सांगावे. कंपनी कायदा ठाऊक नसलेल्या आईला त्याचा धागा कळला, तर परीक्षकालाही तो कळेल असे खुशाल समजावे.

उपसंहार

ज्या घरात वडिलांची पेढी आहे, त्या मुलाला नापास झाल्यावर परतावयास जागा असते. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबांना तशी जागा नाही; त्यांना हे एकच दार आहे आणि एकेक अपयश म्हणजे तरुणपणातील कित्येक महिने. अशा मुलांसाठी आपल्या मंडळाने संध्याकाळी एखादी शांत खोली उघडून द्यावी आणि ज्ञातीतील सनदी हिशेबतज्ज्ञांनी परीक्षेपूर्वी त्यांच्या दोन-तीन सराव-उत्तरपत्रिका तपासून द्याव्या, एवढीच आमची नम्र सूचना आहे. यास पैसा थोडा लागेल. वेळ मात्र द्यावा लागेल.

एके काळी वहीवर बसण्याचा हक्क जन्माने मिळे. आज तो तीन तासांच्या लेखनाने मिळतो. आमच्या तरुण पिढीने तो स्वहस्ते लिहून मिळवावा, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.