काळ्या जर्सीचे पाच कपडे

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा सरकारी विणकाम कारखाना होता. भिंतीवर टांगायची भव्य चित्रं तिथे धाग्यांनी विणली जात. मिशेल युजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 साली तिथे रंगाईचा प्रमुख झाला आणि रंगांबद्दलच्या तक्रारी त्याच्यापुढे येऊ लागल्या. त्यातली एक काळ्या रंगाची होती. चित्रातल्या निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमध्ये सावली दाखवायला काळा धागा वापरला की तो निस्तेज दिसे. शेव्रलने दुसऱ्या कारखान्यांतली काळी लोकर मिळवून ताडून पाहिली. गोबलँचा काळा कुणापेक्षा कमी नव्हता. रंगाई चोख होती, धाग्याला शेजार तेवढा चुकीचा मिळाला होता.

यातून त्याने मांडलेला सिद्धांत 1839 साली ग्रंथरूपाने आला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो आणि प्रत्येकावर दुसऱ्याच्या विरोधी रंगाची छटा चढते. निळ्याशेजारच्या काळ्यावर नारिंगीची झाक येते, म्हणून तो फिका वाटतो. हा ग्रंथ चित्रकारांनी डोक्यावर घेतला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात कपड्यांविषयीही प्रकरणं आहेत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मोजक्या रंगांत सगळे कपडे बसवायचे, म्हणजे कुठलाही कशावरही चालेल, या आजच्या कल्पनेचं मूळ मला तिथे दिसतं.

जांभळा रंग गोऱ्या कातडीला हिरवट-पिवळी झाक देतो, गुलाबी कापड गुलाबी गालांची टवटवी मारतं, असं शेव्रल बारकाईने लिहितो. पण त्याचं सर्वांत उपयोगी निरीक्षण पुरुषांच्या कपड्यांबद्दल आहे. कोट, बंडी आणि पँट एकाच रंगाची असतील तर ती सगळी नवी असेपर्यंतच शोभतात. जुन्या, विटलेल्या काळ्या कोटाखाली नवी काळी पँट घातली की कोटाचा तांबूसपणा जास्तच डोळ्यांत भरतो. त्याच कोटाखाली पांढरी पँट घातली तर तो पुन्हा काळा दिसू लागतो. सगळं काळं घेतलं की जुळणीचा प्रश्न संपला, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं. काळे रंग शंभर असतात, आणि प्रत्येक धुण्यात ते एकमेकांपासून थोडे दूर जातात.

शेव्रलने शेजाराचा नियम सांगितला, पण कपाट कसं भरावं हे त्याच्या पुढ्यातलं काम नव्हतं. ते पुढच्या शतकात एका अमेरिकन फॅशन डिझायनर बाईने केलं.

क्लेअर मॅककार्डेल 1905 मध्ये मेरीलँड राज्यातल्या फ्रेडरिक गावी जन्मली. न्यूयॉर्कला आणि मग पॅरिसला ती शिकली. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर मादलेन व्हिओनेचे नमुन्याचे कपडे स्वस्तात विकत घेऊन ती ते उसवायची आणि कापड कसं बेतलंय ते पाहायची. त्याच शहरातल्या कोको शॅनेलने पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरलं जाणारं जर्सीचं विणीव कापड बायकांच्या अंगावर आणलं होतं. 1926 साली तिच्या साध्या काळ्या पोशाखाचं चित्र छापताना ‘व्होग’ने त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली होती. मॅककार्डेलने हे सगळं पाहिलं आणि ती न्यूयॉर्कला परतली. तिथे ‘टाउनली फ्रॉक्स’ या कंपनीच्या कामासाठी तिला वरचेवर पॅरिसच्या वाऱ्या कराव्या लागत. प्रत्येक वारीला कपड्यांनी भरलेल्या ट्रंका बरोबर असत.

1934 मध्ये तिने पाच कपडे केले. सगळे काळ्या लोकरी जर्सीचे, काही वरचे, काही खालचे, आणि कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर चालणारा. जर्सीला चुण्या पडत नाहीत, म्हणून बॅगेतून काढून थेट अंगावर घालता येत. कापड एकच असल्यामुळे नवेपणी तरी काळ्या-काळ्यातला फरकही उरला नाही. शेव्रलने दाखवलेली अडचण निदान सुरुवातीला टळली.

या जुळणीमागचा हिशोब साधा आहे. चार वरचे आणि चार खालचे कपडे आहेत, पण प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे, तर पोशाख होतात चार. सगळ्यांचे रंग एकमेकांना चालत असतील तर त्याच आठ कपड्यांचे सोळा होतात. ही वाढ रंगांना आवर घातल्यामुळे मिळते. म्हणून मर्यादित रंगांच्या या पद्धतीला काटकसर म्हणणं मला अपुरं वाटतं.

दुकानांच्या खरेदीदारांना मात्र ते पाच कपडे पटले नाहीत. पूर्ण पोशाख एका किमतीला विकायची त्यांची सवय होती. सुटे भाग बाई स्वतः निवडून जुळवेल, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मॅककार्डेलने कल्पना सोडली नाही. सुटे कपडे पुढे अमेरिकन पोशाखाची ओळख झाले आणि 1955 मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं.

मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाने मोजक्या कपड्यांत भागवायची गरज घरोघरी पोचवली. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं होती आणि पुरुषाच्या एका सुटालाच 26 लागत. रेशनिंग उठलं ते 1949 च्या मार्चमध्ये. अशा हिशोबात एकाच ब्लाउजवर चालणारा स्कर्ट घेणं कुणाला परवडणार? याच चाळिशीच्या दशकात रंग आणि घाट जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांच्या संचाला अमेरिकन छापील मजकुरात ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हटलेलं आढळतं. लंडनच्या सूझी फॉने ‘वॉर्डरोब’ नावाचं दुकान काढून हा शब्द लोकप्रिय केला तो सत्तरीच्या दशकात. 1985 मध्ये न्यूयॉर्कला डिझायनर डोना कॅरनने ‘सेव्हन ईझी पीसेस’ आणले. अंगाला बसणारा बॉडीसूट हा त्यांचा पाया आणि काळा हा मुख्य रंग. नोकरीवर जाणाऱ्या बाईला सकाळपासून रात्रीपर्यंत पुरतील असे हे कपडे बाजाराने उचलून धरले.

कॅरनच्या पाच वर्षं आधी, 1980 मध्ये, आपले मोजके रंग कसे निवडावेत हे सांगणारं कॅरोल जॅक्सनचं ‘कलर मी ब्यूटिफुल’ हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. कातडी, केस, डोळे पाहून माणसाला चार ऋतूंपैकी एक द्यायचा आणि त्या ऋतूचेच रंग घालायचे, अशी ती पद्धत. त्यात आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांपैकी बहुतेकांना ‘हिवाळा’ मिळाला. आपल्या एकाच घरात एक मूल गोरं, एक गव्हाळ आणि एक सावळं असतं. त्या सगळ्यांना एका कप्प्यात टाकणारी पद्धत आपल्या काय कामाची? ती सरळ बाजूला ठेवावी.

आपल्याकडे रंग जुळवायचं शिक्षण मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर होतं. साडी बरोबर न्यायची, रुबियाचे तागे तिच्या काठाला लावून पाहायचे आणि शेवटचा निर्णय दुकानाच्या दारात, उजेडात करायचा. तिथे रंगांची पारख पक्की होते, पण बहुतेकदा एका साडीला एक ब्लाउज, म्हणजे ठरलेल्या जोड्याच घरी येतात. काळा किंवा गडद मरून असा एखादा ब्लाउज सात-आठ साड्यांवर चालवणाऱ्या बायकांनी पुढची पायरी केव्हाच गाठलेली आहे.

या पद्धतीचा इतिहास सांगताना बहुतेकजण सूझी फॉपासून सुरुवात करतात. शब्द रुजवल्याचं श्रेय तिचंच आहे आणि ते तिला मिळावं. पण प्रत्यक्ष संच आधी तयार झाला तो 1934 मध्ये, दुकानदारांनी नाकारलेल्या त्या काळ्या जर्सीत. माझ्या मते पहिलं नाव क्लेअर मॅककार्डेलचंच घ्यायला हवं.