पुन्हा तीच गोष्ट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 'दाना ओली' नावाची बाजाराची गल्ली आहे. मराठी कानाला त्यात आपली 'ओळ' ऐकू येते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, त्यावरून हे 'लष्कर'. फौजेबरोबर मराठी माणसे आली. या ग्वाल्हेरची ख्यालगायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. तिच्यात त्याच बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जातात, पण "पुन्हा तेच?" म्हणून कोणी उठून जात नाही. आपल्याकडे जत्रेत 'सौभद्र' लागले तरी तसेच. नाटक १८८२ चे, शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी माणसे बसतात.

मग चित्रपटाचा दुसरा-तिसरा भाग आला की आपल्याला कंटाळा का येतो? मला वाटते, बंदिश जुनी असली तरी गवई त्या बैठकीत काहीतरी नवे शोधत असतो. 'टाइमपास ३' (२०२२), 'बॉइज ४' (२०२३) अशा आकड्यांच्या चित्रपटांत शोध कमी, मागचा गल्ला पुन्हा मिळवायची धडपड जास्त.

हे दुखणे जुनेच आहे. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. मग तमाशापटांची रीघ लागली. १९६४ मध्ये मान्यांनीच 'सवाल माझा ऐका' काढला. नावातसुद्धा 'ऐका' होतेच! १९९१ च्या 'माहेरची साडी'नंतर रडक्या सासुरवाशिणींची पाळी आली. प्रेक्षक हळूहळू मराठी चित्रपटापासून दुरावला.

तो पुन्हा वळला २००४ च्या 'श्वास'ने. माधवी घारपुरे यांची एक साधी कथा: आजोबा आणि दृष्टी गमावणार असलेला नातू. ना नाच, ना ओळखीचा साचा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले.

त्याच २००४ साली इफ्फी गोव्यात आला. तेव्हापासून नोव्हेंबरात आपण अनोळखी भाषांतल्या अनोळखी गोष्टींसाठी पणजीत रांगा लावतो. पण नवी मराठी गोष्ट पुढच्याच महिन्यात लागली, तर "चांगली आहे म्हणतात, बघू नंतर" म्हणतो. ते 'नंतर' येईपर्यंत चित्रपट उतरलेला असतो आणि निर्माता जुन्याचाच पुढचा भाग काढायला बसतो. मंडळी, कंटाळा आपल्याला खरोखरच आला असेल, तर तिकीटही पहिल्याच आठवड्यात काढायला हवे.