संगणकीय उपयोजनांतील नकाशा : स्थळदर्शक लायब्ररींचा उदय आणि मालकीचा प्रश्न

एखादे ठिकाण नेमके कोठे आहे हे सांगण्याचे काम दीर्घकाळ राज्यसंस्थेकडे होते. भारतीय सर्वेक्षण विभागाची १७६७ मधील स्थापना आणि विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण ही त्याची परिचित उदाहरणे होत. (हे सर्वेक्षण चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन यांचे आपल्या हिंगणघाट येथे निधन झाले.) एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र कोणत्याही आज्ञावलीकाराला दहा-वीस ओळी लिहून आपल्या उपयोजनात नकाशा बसवता येऊ लागला. ही सुलभता कोणाच्या नकाशावर उभी होती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे; इतरांनी लिहून ठेवलेला व आपल्या उपयोजनात जोडता येणारा आज्ञावलींचा संच, असा अर्थ अभिप्रेत आहे.

१ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जीपीएसच्या नागरी संदेशात हेतुपुरस्सर मिसळली जाणारी त्रुटी बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंत होणारी चूक १० ते २० मीटरांवर आली. अक्षांश-रेखांश मिळू लागले, परंतु ते दाखवायचे कशावर? फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने याचे उत्तर दिले. त्यात नकाशाचे लहान चौकोनी तुकडे करून ठेवलेले असत आणि पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरतेच तुकडे मागवले जात. पॉल रेडमेकर या आज्ञावलीकाराने ब्राउझरकडे येणारी संहिता वाचून ही रचना ओळखली व क्रेग्सलिस्टवरील घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडल्या. विशेष म्हणजे तेव्हा गूगलने अशा वापराची कोणतीही अधिकृत सोय केलेली नव्हती. ती जून २००५ मध्ये झाली. म्हणजे या साधनाचा इतिहास कंपनीच्या योजनेतून नव्हे, तर एका आगंतुकाच्या कुतूहलातून सुरू होतो. शिकागोतील गुन्ह्यांच्या नोंदी नकाशावर मांडणारे एड्रियन होलोवाटी यांचे संकेतस्थळही त्याच वर्षीचे.

लायब्ररी विनामूल्य मिळाली, तरी तिच्याखालचा नकाशा परक्या मालकीचा राहिला. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने दररोज २५,००० पेक्षा अधिक वेळा नकाशा दाखवणाऱ्या संकेतस्थळांना शुल्क लागू होणार असल्याचे जाहीर केले. फोरस्क्वेअरने २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावर ओपनस्ट्रीटमॅपची माहिती स्वीकारली. २०१८ मध्ये गूगलच्या सेवेसाठी देयक-खाते अनिवार्य झाले. दरमहा २०० डॉलरची सवलत होती, तीही २०२५ मध्ये बदलली. कंपनीने आपल्या खर्चाचा मोबदला मागणे गैर नाही. परंतु ज्यांनी आपले संपूर्ण उपयोजन त्यावर रचले होते, त्यांना पायाच भाड्याचा असल्याची जाणीव उशिरा झाली, असे म्हणावे लागते.

पर्याय मात्र आधीच आकार घेत होता. ब्रिटनमध्ये शासकीय नकाशांच्या वापरावरील निर्बंधांना उत्तर म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केले. जानेवारी २०१० मधील हैती भूकंपानंतर स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते उपग्रहचित्रांवरून रेखाटले, तेव्हा या प्रकल्पाचे मोल जगाला कळले. २००६ मध्ये ओपनलेयर्स ही मुक्त लायब्ररी आली आणि २०११ मध्ये युक्रेनचे व्लादिमिर अगाफोन्किन यांनी लीफलेट ही अत्यंत आटोपशीर लायब्ररी प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखकास लीफलेटचे महत्त्व तिच्या आटोपशीरपणापेक्षा एका साध्या गोष्टीत वाटते : नकाशाचे तुकडे कोठून आणायचे, तो पत्ता तीत एका स्वतंत्र ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ बदलली की खालचा नकाशा बदलतो, वरच्या खुणा जागच्या जागी राहतात. नकाशा आणि त्यावरील मजकूर यांची मालकी अशी वेगळी झाली.

अर्थात मुक्त म्हणजे अमर्याद नव्हे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती श्रेय देऊन कोणासही वापरता येते. पण तिचे तुकडे पुरवणारे संगणक देणग्यांवर चालतात व अतिवापर करणाऱ्यांना रोखले जाते. भारतात १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी रद्द केली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक गावाच्या मराठी नावासाठी स्वतंत्र नोंद करता येते. ती कोणत्याही कंपनीने नव्हे, त्या गावाची माहिती असणाऱ्याने भरायची असते.