दारूबंदी आणि दारूचा रोगी

1 एप्रिल 2015 रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. भद्रावती, वरोरा, बल्लारपूरचे बार आणि देशी दारूची दुकाने बंद झाली. हे बायकांनी मिळवले होते. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेबरोबर हजारो बायका 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून पायी नागपूरला, विधानसभेच्या दारात गेल्या होत्या. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासूनच बंदी आहे. 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. महसूल, चोरटी दारू, गुन्हे यांवर तेव्हा पुष्कळ वाद झाला. रोगी मात्र त्या वादात फारसा दिसला नाही.

रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भास होतात, माणूस बरळतो. त्यात जीवही जातो. म्हणून डॉक्टर डायझेपाम किंवा, यकृत खराब असेल तर, लोराझेपाम देऊन ते हळूहळू कमी करतात आणि सोबत थायमिन देतात. स्कॉटिश डॉक्टर थॉमस ट्रॉटर याने 1804 सालच्या पुस्तकात दारूचे व्यसन हा मनाचा आजार म्हटला होता. आपण अजून त्याला फक्त गुन्हा म्हणतो, नाहीतर गुनाह.

‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी ‘अल-कुहल’वरून, म्हणजे सुरम्यावरून आला, हे आपण कौतुकाने सांगतो. कुरआनातली मनाई एका दिवसात उतरली नाही, हे कमी सांगतो. आधी फायद्यापेक्षा नुकसान मोठे असल्याचे सांगितले गेले, नंतर नशेत नमाजजवळ न जाण्याचा हुकूम आला आणि शेवटी पूर्ण बंदी झाली. उलेमा याला तदरीज म्हणतात. सवय कशी सुटते याची ती जाण होती.

आमच्या मोहल्ल्यात ‘आपल्यात कोणी पीत नाही’ असे म्हणायची रीत आहे. मग मुलाला कावीळ झाली की झाडपाला होतो, ताबीज होते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “दारू घेता का?” शेजारी अब्बा उभे असतात. उत्तर ‘नाही’ येते, आणि निदान तिथेच चुकते. रक्तात एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त आले तर डॉक्टरांना शंका येते. पण किती आणि किती वर्षे, हे रोग्यानेच सांगावे लागते. यकृतावर नुसती चरबी असेल तर दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ती ओसरते. सिरोसिसचे व्रण सहसा भरून येत नाहीत, तरी सोडणारा न सोडणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

आणखी एक चाल घरोघरी चालते: जेवणात गुपचूप गोळी मिसळणे. ती बहुधा डायसल्फिराम असते. दारूवरचे तिचे काम 1948 मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी मांडले. ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. शिवाय ती स्वतःच यकृताला इजा करू शकते. आधीच सिरोसिस असलेल्याला ती देत नाहीत. अशा रोग्यासाठी डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात, तेही त्याला सांगून, त्याच्या मर्जीने.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, तर अब्बांनी दोन मिनिटे बाहेर बाकावर बसावे.