पेशव्यांची पेन्शन आणि आपली

शिक्षक-कक्षात चहा घेत असताना एका तरुण सहकाऱ्याने मला एकदा सहज म्हटले, "सर, तुमचं ठीक आहे. तुम्हाला पेन्शन आहे. आम्ही काय करायचं?" मी काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर नव्हते, वेळ मारून नेणे होते, हे मला तेव्हाच कळले. कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी आता शिक्षकांची जणू दोन गोत्रेच झाली आहेत. मी अलीकडच्या गोत्रातला, निवृत्ती दोन वर्षांवर आलेला. तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधू लागलो आणि पहिली गाठ पडली ती दुसऱ्या बाजीरावाशी.

मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पेन्शनर म्हणजे हाच. जून १८१८ मध्ये असीरगडाजवळ तो जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा वर्षाला आठ लाख रुपयांचा करार ठरला. बाजीराव त्या वेळी ४३ वर्षांचा होता. राज्य गेले, पण आयुष्य उरले. आणि तेही थोडेथोडके नव्हे. ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, तो २८ जानेवारी १८५१ रोजी वारला तेव्हा ७६ वर्षांचा होता. तेहतीस वर्षे! नोकरी करून कोणी इतकी वर्षे पगार खात नाही, तितकी वर्षे त्याने पेन्शन खाल्ली.

बाजीरावाच्या मागे दत्तकपुत्र नानासाहेबांनी पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. करारात स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी असे म्हटले आहे, हा त्यांचा आधार होता. लॉर्ड डलहौसीने मागणी फेटाळली. त्याने केलेला हिशेब वाचण्यासारखा आहे: पेशव्यांना अडीच कोटींहून अधिक रुपये मिळाले, शिवाय जहागिरीचे उत्पन्न, आणि ते कुटुंबासाठी २८ लाख ठेवून गेले, मग सरकारवर आणखी भार कशाला? नानासाहेबांनी अजीमुल्ला खानाला लंडनपर्यंत पाठवले, त्याचाही उपयोग झाला नाही. पुढचे १८५७ आपल्याला माहीत आहे.

डलहौसीची नियत बाजूला ठेवू. पण त्याच्या हिशेबातील आकडे पाहिले की गृहस्थाला दचकायला होते. नऊ रुपये हाती आले तेव्हा एक रुपया उरला. बिठूरला पुण्याहून आलेला मोठा परिवार पोसायचा होता, दानधर्म होता, पदरी माणसे होती. खर्च खोटा नव्हता. तरीही पेन्शन हे आपले कायमचे उत्पन्न आहे, असे धरून ते घर चालले. आणि ज्याच्या नावे ते उत्पन्न होते तो जाताच घर उघड्यावर आले. म्हाताऱ्या वयाच्या पैशाला नेहमी तीन प्रश्न विचारायचे असतात, ते बिठूर आपल्याला शिकवते. पैसा किती वर्षे पुरायचा आहे? माझ्यामागे तो कोणाला मिळणार? आणि देणाऱ्याने हात आखडला तर मी कोणाकडे दाद मागू?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार काळ 'कोणाकडेच नाही' असे होते. पेशवाईत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे. वतनदाराला वतन असे. पण हे सारे धन्याच्या कृपेवर. इंग्रजांनी १८७१ मध्ये पेन्शनचा कायदा केला, त्यातही सरकारी पेन्शनबाबतचे दावे दिवाणी न्यायालयाने कलेक्टरच्या दाखल्याशिवाय ऐकू नयेत असेच ठरवले. पेन्शन हे देणे नव्हते, बक्षीस होते. हा विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सांगितले, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आपला दिवस म्हणून पाळतात.

आपल्या भागाला हा तिसरा प्रश्न एका वेगळ्या रीतीने भेटला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मुंबईच्या चाकरीत लागलेल्या माणसाची पेन्शन आता म्हैसूर देणार! राज्य पुनर्रचना कायद्यात याची तरतूद करावी लागली: अशा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती, त्यांचे नुकसान होईल अशा प्रकारे, केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय बदलता येणार नाहीत. सीमावादाच्या गदारोळात हे कलम कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पण अनेक घरांची चूल त्यावर पेटली असेल.

ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे काय? समाज म्हणजे बहुतेक तेच. त्यांच्यासाठी जी साधने उभी राहिली त्यांचाही इतिहास आहे. १८७० मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' निघाली आणि हिंदी माणसाचा विमा जादा हप्ता न घेता उतरवला जाऊ लागला. १ एप्रिल १८८२ रोजी पोस्टाची बचत बँक सुरू झाली. १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्याने त्या फंडातील रकमेवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही, असे संरक्षण दिले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. २४५ कंपन्या आणि संस्थांचा कारभार सरकारकडे आला, त्यातून आयुर्विमा महामंडळ झाले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुख मंत्रिपद सोडून गेले. आपण त्यांचा राजीनामा आठवतो. घरातल्या कपाटातली विम्याची पॉलिसीही त्याच वर्षाची देणगी आहे, हे विसरतो.

मात्र साधन चांगले असले, तरी ते कायम तसेच राहील असे धरू नये. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळे. एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्क्यांवर आले. बारा टक्क्यांवर म्हातारपण आखणाऱ्याचे सुमारे चाळीस टक्के उत्पन्न कसे गेले, ते यात दिसते. युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना तर निवृत्तांची लाडकी. २ जुलै २००१ रोजी तिची पुनर्खरेदी थांबवली गेली आणि सरकारी म्हणून डोळे मिटून ठेवलेला पैसा अडकला. दुसरीकडे महागाई सहा टक्के धरली, तर भाव बारा वर्षांत दुप्पट होतात. साठाव्या वर्षी पुरेसे वाटणारे व्याज बहात्तराव्या वर्षी अर्ध्या किमतीचे उरते.

माझे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी फंडाची सारी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळत होते. संस्था बुडाली. भेटायला गेलो तर म्हणाले, "गुरुजी, व्याज बघितलं, मुद्दल बघायचं राहिलं." त्यांची पेन्शन चालू होती म्हणून ते तरले. माझ्या तरुण सहकाऱ्यांना ती सोयही नसेल. नव्या योजनेत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम कर्मचारी देतो, सरकार आपला वाटा घालते, पैसा बाजारात गुंततो. आणि सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी किमान ४० टक्के रकमेतून वर्षासन विकत घ्यावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना एकीकृत योजनेचा पर्याय दिला. पंचवीस वर्षे सेवा झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन तिच्यात मिळते. निश्चित रकमेची ओढ माणसाला सुटत नाही, हेच यातून दिसते.

तेव्हा त्या तरुण सहकाऱ्याला मी उशिरा का होईना उत्तर देतो. वर्षाला १२,००० रुपये ७.१ टक्क्यांनी तीस वर्षे ठेवले, तर साधारण साडेअकरा लाख होतात. तेच वीस वर्षे ठेवले, तर पाच लाखही भरत नाहीत. दहा वर्षांच्या उशिराने निम्म्याहून अधिक जाते. म्हणून आज सुरुवात करा. सारे एका ठिकाणी ठेवू नका. जास्त व्याज देणाऱ्याला ते कोठून देतोस, हे विचारा. आणि मागे राहणाऱ्याचे नाव कागदावर लिहा; बिठूरच्या घराचा घात त्या एका ओळीच्या अर्थावर झाला.

हा लेख लिहिताना मी कपाटातून माझे कागद काढले. फंडाच्या अर्जाची जी प्रत माझ्याकडे होती, तिच्यात वारसाच्या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव होते. लग्नाआधी भरलेला अर्ज. वडील जाऊन चौदा वर्षे झाली. पत्नीला ते दाखवले, तर ती एवढेच म्हणाली, "मुलांना तारखा पाठ करायला लावता, आणि स्वतःचं हे?" दुसऱ्याच दिवशी कार्यालयात जाऊन मी नवा अर्ज भरला.