बागेतले करवंद : लागवड आणि निगा

करवंदाची ओळख आपल्या सभासदांना करून द्यायला नको. खानदेशातल्यांनी ते सातपुड्यात पाहिलेले असते, कोकणातल्यांनी सड्यावर. सापुताऱ्याला जाताना डांगच्या रस्त्यावर मे महिन्यात द्रोणात करवंदे विकणाऱ्या बायकाही सर्वांना ठाऊक आहेत. पण सुरतेत सोसायटीच्या कुंपणाला मात्र ड्युरांटा, बोगनवेल, नाहीतर कण्हेर. बागेत पाखरे यावीत असे वाटत असेल, तर आम्ही करवंद सुचवू.

रोप घेताना एक फरक लक्षात ठेवावा. गुजरातीत करवंदाला करमदा म्हणतात, आणि नर्सरीत करमदा मागितला की बहुधा लोणच्याचे, पांढऱ्या-गुलाबी फळाचे झाड मिळते. (बेकरीतली लाल ‘चेरी’ पुष्कळदा हेच फळ, साखरेत मुरवून रंगवलेले.) रानातले लहान, काळे, गोड करवंद हवे असेल तर बी लावणे उत्तम. पूर्ण पिकलेली फळे आणावीत, गर खाऊन बिया धुवाव्यात आणि त्याच आठवड्यात पेराव्यात. साठवलेले बी फारसे उगवत नाही. छाट कलमाला मुळे सहज फुटत नाहीत. पावसाळ्यात गुटी बांधून पाहता येते. बियांचे रोप सुरुवातीला फार सावकाश वाढते. फळाला ३-४ वर्षे थांबावे लागते.

करवंद खडकाळ, हलक्या जमिनीतले झुडूप. आपल्याकडची काळी चिकण माती पावसात पाणी धरून ठेवते आणि तेच त्याला सोसत नाही. म्हणून खड्ड्यात मुरूम व विटांचे तुकडे मिसळून जमिनीपेक्षा थोड्या उंचवट्यावर, भरपूर उन्हात लावावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, पुढे फारसे लागत नाही.

खरा धोका कात्रीचा. फुले फांद्यांच्या टोकाला येतात. दर महिन्याला कुंपण चौकोनी कापणाऱ्या माळ्याच्या हाती करवंद दिले, तर झाड जगते पण ना फूल ना फळ. फळे संपल्यावर, पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदाच छाटावे, हे माळ्याला आधीच सांगून ठेवावे.

उन्हाळ्याच्या तोंडावर जुईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. त्यांची नळी लांब असते, त्यामुळे लांब सोंडेची फुलपाखरे आणि पतंग त्यावर येतात. फळांवर बुलबुल, मैना आणि कोकीळ येतात. दाट काट्यांत मांजराचा शिरकाव होत नाही, म्हणून लहान पक्षी घरट्यासाठी अशी जागा पसंत करतात. पाने कुरतडलेली दिसली तरी औषध फवारू नये. त्या अळ्यांवरच पिल्ले वाढतात, आणि झाड पुन्हा पालवते.

काटे चांगले टोकदार असतात, तेव्हा पायवाटेपासून चार-पाच फूट लांब लावावे. आणखी एक महत्त्वाचे : कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही करवंदाचीच भावकी, तिघांनाही पांढरा चीक; पण पहिल्या दोन्ही विषारी आहेत. मुले जिथे फळे तोडतील तिथे त्या शेजारी नकोत.

लोणच्यासाठी कच्ची फळे काढायची तर खालच्या फांद्यांवरची काढावीत आणि शेंड्याकडची पिकू द्यावीत. ती तशीही आपल्या हाती लागत नाहीत, बुलबुल आधी येतो.