गुइलेन-बॅरे व्याधी आणि औषधगुणाची कसोटी

सन २०२५ च्या प्रारंभी पुणे परिसरात गुइलेन-बॅरे व्याधीचा उद्रेक झाला. सातारा व सांगली जिल्ह्यांतही तिचे रुग्ण आढळले. या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, हातपाय लुळे पडतात व प्रसंगी श्वसनही थांबते. तिच्या औषधोपचाराचा इतिहास उद्बोधक आहे.

गुइलेन, बॅरे व स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांच्या आधारे या व्याधीचे वर्णन केले. त्या काळी शुश्रूषेखेरीज उपाय नव्हता; वॅन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उघडलेले रुग्णालय असो वा पॅरिसमधले, या बाबतीत भेद नव्हता.

१९४९ मध्ये संधिवातावरील कॉर्टिझोनचे यश जाहीर झाले आणि नवी आशा निर्माण झाली. दाह शमविणारे स्टिरॉइड येथेही गुणकारी ठरावे, हा तर्क सयुक्तिक होता. औषध घेतलेले पुष्कळ रुग्ण बरेही होत. परंतु ही व्याधी साधारणतः चार आठवड्यांत पराकाष्ठेस पोहोचून बहुधा आपोआप ओसरते. औषधानंतर आलेला गुण औषधामुळेच आला, असे म्हणता येत नाही.

हा भेद तुलनात्मक चाचण्यांनीच उघड केला. १९७८ मध्ये ह्यूज प्रभृतींनी ४० रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची प्रगती न घेणाऱ्यांहून मंद ठरली. १९९३ मध्ये २४२ रुग्णांच्या चाचणीतही शिरेवाटे दिलेल्या स्टिरॉइडचा लाभ सिद्ध झाला नाही. उलट १९८५ मध्ये रक्तद्रव-विनिमयाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९९२ च्या डच चाचणीत चार आठवड्यांनी रक्तद्रव-विनिमयाने ३४ टक्के, तर इम्युनोग्लोब्युलिनने ५३ टक्के रुग्ण सुधारले. १९९७ मध्ये ३८३ रुग्णांत दोन्ही उपचार तुल्यबळ ठरले. ते एकापाठोपाठ देऊनही विशेष अधिक लाभ झाला नाही.

याच्याशी निकटच्या दोन विकारांत मात्र चित्र निराळे आहे. मज्जातंतूंच्या दीर्घकालीन दाहात स्टिरॉइड लागू पडते, हे १९८२ मध्ये दिसून आले. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्येही ते उपयोगी पडते. अर्थात रोगाचे मूळ प्रतिकारशक्तीत आहे एवढ्यावरून औषध ठरत नाही.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून काढावे लागते, म्हणून ते महाग आहे. दर किलो वजनास रोज ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवसांत साठ किलो वजनाच्या रुग्णास १२० ग्रॅम लागते. स्टिरॉइड त्या मानाने अत्यल्प खर्चाचे. पण या व्याधीत ते स्वस्त पर्याय नव्हे, पर्यायच नव्हे. मिरज-कराडच्या रुग्णशय्येपाशी काटकसरीचा विचार करताना इतिहासाचा हा निर्णय डावलता येणार नाही.